तेराशे सदुसष्टपर्यंतचं लायसन

डोमाजीचं लायसन शिवेवरच्या नाक्यावर जप्त झालं ते एकोणीसशे सत्तावन्न सालच्या फाल्गुनात. किनवटला सरकीची पोती उतरवून तो रिकामी लॉरी घेऊन आदिलाबादेला परतत होता. चारच महिन्यांपूर्वी किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच होतं. राज्यांची फेरमांडणी झाली आणि ते मुंबई राज्यात गेलं, आदिलाबाद आंध्रात. नाक्यावरचा फौजदार साताऱ्याकडून नवा आलेला. लायसन उर्दूतलं. त्याने ते एका म्हाताऱ्याकडून वाचून घेतलं आणि हसतच सुटला.

"मुदत तेराशे सदुसष्टपर्यंत? अहो, संपून सहाशे वर्षं होत आली की!"

"ते फसली साल हाय साहेब. निजामाच्या राज्यातलं. पाचशे नव्वद मिळवा, म्हंजे येते बरोबर."

"हिशेब कोर्टात सांगा."

बिनलायसन गाडी चालवल्याचा खटला उभा राहिला. गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा, असं जो तो सांगे. पण तसा डाग लागला तर गिरणीची लॉरी हातची जाणार, हे डोमाजीला पक्कं ठाऊक होतं. गिरणीवाले गोपाळराव भले माणूस; त्यांनी दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवली. त्यापुढे नाही.

कोर्टात बयनाबाई सोबत गेली, कारण नवऱ्याचं डोकं लवकर तापे. तिनेच हात जोडून सांगितलं, "आमची सुगंधा तेराशे सत्तावनची, साहेब. त्याच साली यायनं हे लायसन काढलं, दहा वर्साचं. पोरगी आता नऊ वर्साची हाय. बायेर उभी हाय, बोलावू का?"

मॅजिस्ट्रेट हसले नाहीत. "पोरगी म्हणजे पुरावा नव्हे, बाई. तेराशे सदुसष्ट फसली म्हणजे कोणतं साल, याचा तुमच्याकडच्या कचेरीचा दाखला आणा."

आदिलाबादेची कचेरी तर पार बदललेली. खुर्च्यांवर आंध्रातून आलेले नवे कारकून, सगळं बोलणं तेलुगूत. फसली त्यांनी ऐकलेलं, पण लिहून द्यायला कोणी तयार नाही. जुनं दफ्तर जाणणारे वामनराव मराठी म्हणून औरंगाबादेला गेलेले. डोमाजी तिथवर जाऊन त्यांच्या हातचा कागद घेऊन आला, तर कचेरीत म्हणाले, हा परराज्याचा माणूस, याची सही इथे चालत नाही.

"कालपरेंत तुमच्याच खुर्चीवर बसत होता न थो?" डोमाजी ओरडला. बयनाबाईने त्याचा सदरा धरून त्याला बाहेर आणलं.

मग अर्ज हैदराबादला गेला. पाऊस आला, पोळा झाला, कापूस फुटला. तीन वेळा तारीख पडली. दर तारखेला बयनाबाई भाकरी बांधून घेई आणि दर तारखेला ती भाकर कोर्टासमोरच्या त्याच पिंपळाखाली खाऊन दोघं परत येत. आता तिलाच त्या फौजदाराचं तोंड पाहिलं की दात ओठ खावेसे वाटत.

दिवाळी उलटून पंधरा दिवस झाले तेव्हा दाखला आला. दिवाळीची मुदत उलटूनही गोपाळरावांनी आता शेवटचे आठ दिवस थांबायचं कबूल केलं होतं. मॅजिस्ट्रेटांनी दाखला दोनदा वाचला, आरोपी निर्दोष म्हटलं. बयनाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं.

कारकुनाने लायसन बाहेर काढलं, दाखल्याशी ताडून पाहिलं आणि हात आखडला.

"मुदत तेराशे सदुसष्टच्या आझूरपर्यंत. तो फसलीचा पहिलाच महिना, आणि या दाखल्याप्रमाणे तो गेल्याच आठवड्यात संपला. यावर आता गाडी चालवता येणार नाही."

"मंग नवं करून द्या न दादा," बयनाबाई म्हणाली.

"मुदत संपायच्या आत जुनं लायसन जोडून अर्ज करायला हवा होता, बाई."

"आन जुनं कोनापाशी होतं?"

बयनाबाईने पदर खोचला आणि टेबलासमोर खाली फरशीवर बसकण मारली.

"जा वो तुमी, गोपाळरावायले सांगा, डोमाजीची बायको कोर्टात बसली हाय. जुनं कोर्टापाशीच होतं असं लिवून भेटल्याबिगर उठत नाई मी."