काळा म्हणजे कच्चा

"ये अच्छा, या ये?" दिवसातून दीडदोनशे वेळा मी हे वाक्य बोलते. भिंग फिरवायचं, विचारायचं, पुन्हा फिरवायचं. इथे आखातात, नजमा भागातल्या या दवाखान्यात नऊ वर्षं झाली, आणि गुरुवार, म्हणजे इथला आठवड्याचा शेवटचा दिवस, आला की जीव अगदी विटून जातो. नाशिकला आई सगळ्यांना सांगते, आमची सरोज डोळ्यांची डॉक्टर आहे. कसली डॉक्टर! मी ऑप्टोमेट्रिस्ट. नंबर काढायचा, आणि काही वावगं दिसलं तर मोठ्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी द्यायची.

त्या गुरुवारचा तेविसावा पेशंट अश्फाक. शाळेच्या बसचा ड्रायव्हर, वय अठ्ठेचाळीस. बस वळवताना डावीकडची उभी गाडी घासली म्हणून कंपनीने तपासायला पाठवलेला. समोरचा तक्ता त्याने शेवटच्या ओळीपर्यंत धडाधड वाचला. चला, हा तरी लवकर सुटला, असं मला वाटलं.

मग डोळ्याचा दाब घेतला. एकवीसपर्यंत ठीक असतो, त्याचा चौतीस. मी मशीनलाच शिव्या घातल्या आणि पुन्हा घेतला. चौतीसच. डोळ्यात पाणी सतत तयार होत असतं आणि एका बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. मोरी तुंबावी तशी ती जाळी तुंबली, की दाब वाढतो आणि मागची नस मरत जाते. दुखत नाही, खुपत नाही. मधलं शेवटपर्यंत स्वच्छ दिसतं, म्हणून तक्ता वाचता येतो. कडेचं दिसेनासं झालेलं माणसाला कळतही नाही.

नजरेचा घेर मोजायला त्याला मशीनपुढे बसवलं. ठिपका चमकला की बटण दाबायचं. किती ठिपके चमकून गेले, तो आपला शांत बसलेला. कागद बाहेर आला तो डाव्या डोळ्याचा जवळजवळ सगळा काळा. उजव्याचंही एका बाजूने सुरू झालेलं.

तेवढ्यात तो फोनवर घरी बोलला, "अगं, मोतीबिंदू पिकला वाटतं. आता काढतील."

मी चमकले. "तुम्ही मराठी?"

"मग! म्हसळ्याचा मी."

"मोतीबिंदू आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?"

"इथंच की. दोन वर्सं झाली. मॅडम बोलल्या, काला मोतिया है. चिठ्ठीपण दिलेली. पन काळा म्हंजे कच्चाच ना? पिकला की पांढरा होतो, मग काढतात. आईचा तसाच काढलेला. मी रोज आरशात बघायचो, पांढरा झाला काय."

मी कॉम्प्युटरवर त्याची जुनी नोंद उघडली. दाब अठ्ठावीस, तातडीने डॉक्टरांकडे पाठवले. खाली तपासणाऱ्याचं नाव, माझं. मला तो चेहरा आठवेना. तेव्हाही असाच कुठला तरी गुरुवार असणार, बाहेर अशीच रांग असणार. हिंदीत ज्याला काला मोतिया म्हणतात त्याचा मोतीबिंदूशी काही संबंध नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला कसं असणार?

"ती मॅडम मीच," मी म्हणाले. "आणि तो मोतीबिंदू नव्हता. तो काचबिंदू."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"काचबिंदू? माझ्या मामूला व्हता तो. आंधळा झाला मामू." तो खुर्चीची कड धरून बसला. "आता काय करायचं?"

"गेलेली नजर परत येत नाही. राहिलेली टिकवायची. आजच्या आज हॉस्पिटलात जायचं, मी आत्ता फोन करते. आणि बस चालवायची नाही."

"पोरं असतात बसमधे," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. मग माझ्याकडे वळला. मला नीट बघायला त्याला मान जरा जास्तच वळवावी लागली.

"हा शब्द तवा बोलला असतात तर मी त्याच दिवशी धावत गेलो असतो, मॅडम. तुम्ही मराठी, मी मराठी. मग हिंदीत का बोललात?"

दमले होते, गर्दी होती, दवाखान्यात सगळ्यांशी हिंदीच बोलतो, अशी दहा कारणं तोंडाशी आली. त्यातलं एकही खरं कारण नव्हतं.

"तुमचं नाव वाचलं होतं," मी म्हणाले.