बटणावरचा मुका

एका बटणावरच्या एका शब्दापायी दादाचं डोकं फिरलं होतं. दादाचं डोकं फिरलं की घरात कप जरा जोरातच टेबलावर येतात, आणि हल्ली कानाचा एकही कप धड उरला नव्हता.

ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी दादाने एक प्रोग्रॅम लिहिला होता. फोनवर टाइप करायचं, फोन ते बोलून दाखवतो. मध्येच गप्प करायचं असेल तर एक लाल बटण, त्यावर लिहिलेलं, ‘मुका करा’. लिहिला धाकट्या बहिणीसाठी, कारण ती जन्मापासून बोलत नव्हती. पण प्रोग्रॅम फुकट आणि आतून सताड उघडा ठेवलेला. कुणीही यावं, वाचावं, दुरुस्त करावं, आणि हो, सगळ्यांसमोर भांडावं.

भांडणाला तोंड फोडलं एका मास्तरीणबाईंनी. बाई न बोलणाऱ्या मुलांच्या शाळेत शिकवायच्या आणि दादाच्या जोडीने प्रोग्रॅमही सांभाळायच्या. दोघांनी ‘मान्य’ म्हटल्याशिवाय नवी आवृत्ती बाहेर पडत नसे. त्यांनी लिहिलं, “माझ्या वर्गातल्या पोरांना गल्लीत ‘ए मुक्या’ म्हणून चिडवतात. तोच शब्द त्यांच्या हातातल्या बटणावर कशाला? साधं ‘आवाज बंद’ लिहू या.”

झालं. एक म्हणाला ‘निःशब्द’ करा, दुसऱ्याला ‘मौन’ हवं. तिसऱ्याने शोध लावला की मुका घेतातही, त्यावर चौथ्याने ओठांचं चित्र टाकलं आणि पाचवी बाई रुसून निघून गेली. ज्यांनी आजवर प्रोग्रॅमची एक ओळ दुरुस्त केली नव्हती अशा एका महाशयांनी भाषेचं कसं वाटोळं चाललंय यावर लांबलचक निबंध पाडला. त्याला पहिला अंगठा दिला आपल्या दादाने.

दादाचा राग समजण्यासारखा होता म्हणा. पदरमोड करून, झोपमोड करून काम करायचं आणि लोकांनी येऊन पाटीवरचा शब्द नासका म्हणायचं. तो लिहायचा, “शब्द बदलून कुणाचं भलं झालंय? उद्या ‘बंद’ शब्दानेही कुणाचं तरी मन दुखेल.” तरी बाई हटेनात. तेव्हा त्याने हुकमाचा पत्ता टाकला. “माझी सख्खी बहीण बोलत नाही. मी तिला विचारलंय. तिला हा शब्द आवडतो. तुम्ही तिच्यापेक्षा शहाण्या का?”

यावर बाकीच्यांनी काढता पाय घेतला. फक्त बाईंनी ‘मान्य’ काही म्हटलं नाही आणि आवृत्ती लटकली ती लटकलीच.

आता ती लटकायला नको होती, कारण तिच्यात एक दुरुस्ती होती. मागच्या आवृत्तीपासून प्रोग्रॅमला खोड लागली होती. बोलताना वाक्याचा शेवटचा शब्द अधूनमधून गिळायचा. आपल्या भाषेत हे म्हणजे कपाळमोक्ष, कारण आपलं ‘नाही’ नेमकं तिथे बसलेलं. धाकटी दुकानात लिहायची “मला पिशवी नको” आणि फोन म्हणायचा “मला पिशवी”. घरात पिशव्यांचा ढीग झाला होता. दादाने चूक शोधली, दुरुस्तही केली. बाईंनी सुचवलं की शब्दाचं भिजत घोंगडं राहू दे, दुरुस्ती तेवढी वेगळी सोडू. दादा म्हणाला, आधी शब्दाचा निकाल. घरात मात्र धाकटीला सांगायचा, “त्या बाईने अडवून धरलंय गं.”

धाकटीची मुलाखत तोंडावर आली होती. चष्म्याच्या काचा तपासायचं काम, तिला हवं होतं तसं. तिची नजर अशी की काचेवरचा केसभर ओरखडा लांबून सांगेल. दादा म्हणाला, “तुझ्या फोनवर माझी कच्ची आवृत्ती टाकून देतो.” तिने हात जोडले. मागची कच्ची आवृत्ती औषधांच्या दुकानात अडकली होती आणि फोन सगळ्या रांगेपुढे एकच शब्द घोकत बसला होता. तिने टाइप केलं, “सगळ्यांना देशील तीच मला दे.” फोनने तेव्हा सगळे शब्द म्हटले.

मुलाखतीहून ती आली ती चपला न काढताच खुर्चीत बसली. दादाने पाणी दिलं. तिने टाइप करून फोन त्याच्यापुढे धरला, फोनला बोलू दिलंच नाही. मालकीणबाईंनी विचारलं होतं, मशीनच्या आवाजाचा त्रास होतो का? तिने लिहिलं होतं, ‘मला आवाजाचा त्रास होत नाही.’ फोन म्हणाला, “मला आवाजाचा त्रास होत.” तिने मान हलवली, हात हलवले, लिहिलेलं दाखवायला फोनही पुढे केला. मालकीणबाईंनी तो वाचलाच नाही, त्यांना वाटलं, पोरगी घाबरली. “मग राहू दे हं बाळा,” म्हणाल्या आणि पुढच्या मुलीला हाक मारली.

दादाच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याने लॅपटॉप ओढला आणि उभ्या उभ्याच लिहिलं, “घ्या. तुमच्या एका शब्दाच्या कौतुकापायी माझ्या बहिणीची नोकरी गेली. करा ‘आवाज बंद’. मान्य. झालं समाधान?” वर हेही लिहिलं की ज्यांच्यासाठी तुम्ही भांडता त्यांनाच तुम्ही विचारत नाही. बाईंचं ‘मान्य’ लगेच आलं, खाली फक्त ‘तिला सॉरी सांगा’ एवढंच. त्यामुळे तो जास्तच भडकला.

आवृत्ती बाहेर पडली. धाकटीने ती फोनवर उतरवून घेतली आणि आधी लाल बटण पाहिलं. ‘आवाज बंद’. दादा अजून खोलीभर फेऱ्या मारत बाईंचा उद्धार करत होता.

तिने टेबलावर टकटक केली आणि बोटं चालवली.

“मला तो शब्द आवडत नाही,” फोन म्हणाला.

“कुठला? हा नवा? मग बघ, मी तेच सांगत होतो त्यांना…”

तिने पुन्हा टाइप केलं. “जुना. तू विचारलंस तेव्हाही मी हेच म्हटलं होतं.”

दादा थांबला. विचारलं होतं खरं. स्क्रीनवर वाद रंगात आला होता, तो पाठमोरा बसून बोटं बडवत होता आणि तसंच विचारलं होतं, “काय गं, तुला चालतो ना हा शब्द?” मागून फोन म्हणाला होता, “मला तो शब्द आवडत.” चूक त्याला ठाऊक होती. त्या आठवड्यात तो तीच दुरुस्त करत होता. पण ‘आवडत’च्या पुढचं त्याने आपल्या मनाने लावून घेतलं आणि जगाला सांगून टाकलं.

“अगं, मग मान हलवून सांगायचंस,” तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही.

“हलवली होती,” फोन म्हणाला. “तू वळला नाहीस.”

दुरुस्ती चोख झाली होती. ‘नाहीस’ अगदी स्वच्छ ऐकू आलं.