लिलीच्या वाफ्यावरचा फवारणी पंप

मी एक जुना पितळी फवारणी पंप आहे, मित्रांनो. पत्र्याच्या शेडमध्ये एका कारागिराने मला ठोकून घडवले, तोंडाशी बारीक भोकांची चकती बसवली आणि पाण्याची पहिली चिळकांडी स्वतःच्याच तोंडावर उडवून घेतली. "चालतोय," एवढेच तो म्हणाला.

मला विकत घेतले एका शिंप्याच्या बायकोने. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत शिलाईचे दुकान होते आणि मागच्या अंगणात भिंतीलगत तिचा लिलीचा वाफा. कोवळ्या कळ्यांवर माव्याचे बारीक हिरवे किडे बसले की ती माझ्यात साबणाचे पाणी भरायची. पानांवर तांबूस कडेचे डाग दिसले, म्हणजे बुरशी आली, की मोरचूद आणि चुन्याचे पाणी. पण डागांची पाने ती आधी खुडायची, कागदात गुंडाळून लांब टाकून यायची आणि मगच मला हातात घ्यायची. तेही सकाळी, म्हणजे पाने उन्हात लवकर वाळत.

"अहो, पान उलटून बघा आधी. किडा आहे की डाग, ते कळल्याशिवाय औषध कसलं मारता?" ती नवऱ्याला म्हणायची.

"मला ताप आला तर इतकं निरखून बघत नाहीस," मालक मशीनवरून म्हणायचे.

"तुम्ही फुलत नाही ना."

फुले बघायला शेजारी यायचे. ती माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायची, "सगळी याची करामत." मी मनातून सुखावायचो. ती माझी चांगली वर्षे होती.

मग ती आजारी पडली. दवाखान्यात गेली ती घरी आलीच नाही.

मालकांनी दुकान बंद ठेवले आणि वाफा हाती घेतला. तिची लिली जगवायची, एवढे एकच काम त्यांना उरले होते. ते रोज संध्याकाळी मला भरून पानापानावर पाणी मारत. थोड्याच दिवसांत खालच्या पानांवर डाग आले. त्यांना मावा तेवढा माहीत होता, म्हणून ते साबणाचे पाणी फवारू लागले. पाने रात्रभर ओली राहत आणि डाग वरवर चढत गेले.

एकदा त्यांची मेहुणी आली. तिने पान उलटून त्यावर बोट फिरवले.

"भाऊजी, इथे किडा कुठाय? माव्यानं पान चिकट होतं, तसंही नाही. ही बुरशी आहे. तुम्ही रोज तिन्हीसांजेला पानं भिजवताय, तिला आणखी काय हवं? आणि मातीचा नुसता चिखल झालाय. कंद कुजतील अशानं."

"मग काय करू?"

"पाणी थांबवा. मी मोरचुदाचं औषध करून देते. पण ही डागांची पानं आधी काढा. ताईनं काढलीच असती."

मालकांनी एक डागाळलेले पान चिमटीत धरले आणि सोडून दिले. मग म्हणाले, "तिनं लावलेली आहेत गं. खुडू कशी?"

मेहुणीने डोळे पुसले आणि ती औषध कालवायला बसली.

ज्यांनी आयुष्यभर बेधडक कापडाला कात्री लावली, त्यांच्या हातून एक पान तुटले नाही. औषध त्यांनी न चुकता मारले. पण डागाळलेले पान जागच्या जागी ठेवून माझ्या औषधाने काय होणार? करडी बुरशी कळ्यांपर्यंत पोचली. कळ्या न उमलताच तपकिरी होऊन वाकल्या.

शेवटी मालकांनी माती उकरली. एकेक कंद काढून ते दाबून बघत होते. सगळे कुजून मऊ झाले होते. त्यांनी हात धुतले नाहीत, तसेच चिखलात बसून राहिले.

"तुझं काही टाकायचं नव्हतं मला," ते मातीकडे बघत म्हणाले. त्यांचे हे बोलणे फक्त मी ऐकले.

आता मी फळीवर पडून आहे. पोटातले औषध सुकून माझी भोके बुजली आहेत. त्याचे मला फारसे वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्याही घरी कोणी मागे ठेवून गेलेली झाडे असतील, तर मन होत नसले तरी रोगट पान खुडा. त्याने माया तुटत नाही. माझ्या मालकांना हे सांगायला मला तोंड असून वाचा नव्हती. आता अंगणात नुसती माती आहे, आणि मालक रोज सकाळी मागचे दार उघडून तिच्याकडे बघत उभे राहतात.