तात्यांची दुपार

“दुपारी? दुपारी हॉल खोलायचा?” बैठकीत तात्यांनी अशा सुरात विचारलं, जणू ऋताने त्यांची किडनीच मागितली होती.

हिंदी मुलखातल्या आमच्या गावात देवास गेटजवळच्या मराठी मंडळाच्या हॉलची किल्ली तात्यांच्या जानव्याला बांधलेली असते. एका लग्नाच्या वऱ्हाडाने खुर्च्या मोडल्यापासून ती त्यांनी मला, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरीलासुद्धा दिलेली नाही. आणि जेवणापासून चहापर्यंतची त्यांची झोप तर साऱ्या माधव नगरात प्रसिद्ध. त्यांच्या पत्नी जयूकाकू होत्या तेव्हा दारात बसून येणाऱ्याला दबक्या आवाजात सांगायच्या, “हळू, तात्या झोपलेत.” पोस्टमनसुद्धा चपला हातात घेऊन जिना चढायचा.

वाढत्या उन्हाळ्याला तोंड द्यायला ऋता गावातल्या संस्थांना मदत करते. आमच्या हॉलच्या पत्र्याला तिने चुना लावून घेतला, वाळ्याचे पडदे टांगले, माठ भरले. पण दाराला कुलूप असल्यावर तो थंडावा काय कामाचा!

“तात्या, बस स्टँडवर काकडी विकते ना ती अहल्या, काल चक्कर येऊन पडली. ऊन आता पहिल्यासारखं नाही राहिलं. किल्ली द्या, मी खोलते,” ऋता म्हणाली.

“किल्ली नाही मिळणार,” तात्या करवादले. मग जरा थांबून म्हणाले, “मीच येईन. पण गडबड नाही चालणार हां, सांगून ठेवतो!”

आम्ही तोंडात बोटं घातली. घरी जाताना मी म्हटलं, “तात्या, तुमच्या झोपेचं काय?”

“झोप कुठली रे! जयू गेली तेव्हापासून दार लावून पंखा बघत पडतो. लोकांना वाटतं, म्हातारा झोपला.”

मला भरून आलं. मी उन्हालाच शिव्या दिल्या.

दुसऱ्या दुपारी हॉल भरला. हमाल, ऑटोवाले, टोपलीसकट अहल्या. तात्या दारात खुर्ची टाकून कोतवालासारखे बसले. “चप्पल बाहर! पहले पानी पियो, फिर बातें करो!” एका ऑटोवाल्याने पत्ते काढले, तर त्याला दम भरला. थोड्या वेळाने त्याच्याच खांद्यावरून वाकून म्हणाले, “अरे, बेगम चल ना, बेगम!”

मी बर्फ आणायला गेलो. परत आलो तो घाईघाईत, पाय आपटतच. दाराशी बसलेल्या अहल्याने ओठांवर बोट ठेवलं. खुर्चीत तात्यांची मान कलली होती आणि ते चक्क घोरत होते. पत्तेवालेसुद्धा खुणांनी खेळत होते.

“धीरे, भैया,” ती कुजबुजली. “दादाजी सोए हैं.”

मी चपला हातात घेतल्या आणि आत गेलो.