बारावा कागद

"अकरा. बरोबर ना, मिसेस कोसाक?" वकिलाने टेबलावरचे कागद ठोकून सारखे केले.

बर्निसने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, हे तिचे तिलाच कळले नाही. मांडीवरच्या पर्सचा चाप ती मघापासून उघडत होती, मिटत होती.

मिलवॉकीच्या या पंपांच्या कारखान्यात परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रे ती चोवीस वर्षे टाइप करत आली होती. कुवेतच्या ऑर्डरीत कधीकधी एक ओळ यायची: माल इस्रायलचा नाही, असे दाखल्यात लिहून द्यावे. इस्रायलवरच्या तिकडच्या बहिष्काराला असा हातभार लावायला अमेरिकेच्या कायद्याची बंदी आहे, हे तिला ठाऊक होते. ती पट्टी ठेवून बॉलपेनने ती ओळ खोडायची आणि 'माल अमेरिकेत बनला' एवढेच टाइप करायची. तिकडचा कारकून जासिम कधी हट्ट धरत नसे. पण कुणी असे नुसते मागितले तरी सरकारला कळवावे लागते, हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. गेल्या वर्षी फेब्रुवारीत कारखान्यात या नियमाचा वर्ग झाला. हजेरीवर तिची सही होती. त्यानंतरची प्रत्येक मागणी तिने कळवली होती. एक सोडून.

"न कळवलेले हे सगळे वर्गाच्या आधीचे," वकील ग्रिफिन म्हणाला. "आपण आपणहून वॉशिंग्टनला कळवतोय. बाईंना माहीत नव्हतं, असं लिहू. थोडक्यात निभावेल."

"ऐकलंस ना, बर्नी?" मालक हँक म्हणाला. "दोन वर्षं राहिलीत तुझी. मग पेन्शन घे आणि तळ्यावर गळ टाकून बस."

"गळ एड टाकायचा. मी नुसते मासे साफ करायची."

हँक हसला. मग तिचा नवरा एड गेल्याचे आठवून त्याने खिडकीबाहेर पाहिले.

बर्निस हात धुवायला गेली. धुऊन परत आली, दारातूनच वळून पुन्हा गेली. आरशात बघत तिने कोटाची बटणे लावली, काढली. घरी निघून जावे, असेही एकदा मनात आले.

परत येऊन तिने पर्समधून घडी घातलेला एक कागद काढला आणि अकरांच्या शेजारी ठेवला.

"हे काय? कोरा आहे," ग्रिफिन म्हणाला.

"फॅक्सचा कागद आहे. स्वयंपाकघरात फ्रिजवर लावला होता, ऊन लागून अक्षरं उडाली. माझी रेघ तेवढी राहिली. ती ओळ रेघेखालीच आहे." मग तिने ती ओळ शब्दन् शब्द म्हणून दाखवली. "चौदा मार्च. गेल्या वर्षीचा."

"बर्नी," हँक हळूच म्हणाला, "कुणाला वाचतासुद्धा येत नाही ते. ठेव आत."

"मला येतं, हँक."

ग्रिफिनने पेनला टोपण लावले. "मार्च म्हणजे वर्गानंतर. मग 'माहीत नव्हतं' हे तुमच्यासाठी मला लिहिता येणार नाही. तुमची नोकरी राहीलच, असंही सांगता येणार नाही. कळतंय ना?"

"माहीत होतं मला."

"मग कळवलं का नाही?"

"कागद फायलीला लावावा लागला असता."

ग्रिफिनला काही उमगले नाही. त्याने कागद उजेडापुढे धरला. "खाली आणखी सहा-सात पुसट ओळी आहेत. हाताने लिहिल्यासारख्या."

"त्या एड गेला तेव्हाच्या. जासिमने लिहिल्यात. त्यांत तुमच्या कामाचं काही नाही."

हँक टेबलावरून उठला आणि कॉफीच्या भांड्यापाशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. कप मात्र त्याने घेतला नाही.

ग्रिफिनने यादीत अकराच्या खाली बारा लिहिले आणि क्रमांकाचा शिक्का उचलला. बर्निसने कागदाच्या खालच्या अर्ध्या भागावर तळवा पसरून ठेवला.

"वरती मारा," ती म्हणाली.

त्याने वरच्या कोपऱ्यात शिक्का मारला. शाई वाळेपर्यंत तिने हात उचलला नाही.