मातीचा साक्षीदार

सूर्यभानराव काळे यांना कोणी फसवू शकत नाही, असं सूर्यभानराव काळे यांचं स्वतःचं ठाम मत होतं. दूधवाल्याच्या मापावर त्यांचा डोळा, भाजीवालीच्या तराजूवर त्यांचा डोळा, आणि रॉकेलचा डबा घरात आला की तो हलवून बघितल्याशिवाय चैन नाही. पाटबंधारे खात्यात तीस वर्षं त्यांनी खोदकामाची मापं घेतली होती. मजूर कसे फसवतात, मुकादम कसे फसवतात, याच्या गोष्टी त्यांच्याकडे इतक्या होत्या, की पाहुणे जेवण उरकताच चपला शोधू लागत.

१९९५ साली ते निवृत्त झाले आणि नगरला सावेडीत त्यांनी घर बांधलं. घराला वर्ष झालं तरी पुढची जागा उजाडच होती. त्यांच्या पत्नीला, पुष्पावतीबाईंना, एकच हौस होती, आपल्या अंगणात पारिजातक असावा. नवऱ्याच्या अकरा बदल्या झाल्या. प्रत्येक वसाहतीत बाईंनी रोप लावलं आणि कळ्या धरायच्या आत बदलीचा कागद आला. अकरा झाडांची फुलं दुसऱ्यांनी वेचली. आता गुडघे कुरकुरत होते.

"बारावं तरी माझ्या डोळ्यांदेखत फुलू द्या," त्या म्हणाल्या, आणि सूर्यभानरावांनी एकदाचं भीमा साळवेला बोलावलं.

भीमा मूळचा राहुरीचा. तिथल्या रोपवाटिकेत त्याची बरीच वर्षं गेली होती. आता तो आणि त्याची बायको राहीबाई नगरमध्ये बंगल्यांच्या बागा करून देत. भिंतीलगतचा वीस फूट लांब, सहा फूट रुंद पट्टा त्यानं पायानं चाचपून पाहिला.

"रावसाहेब, रोजानं करू. जमीन उघडल्याबिगर आत काय हाय ते कळत न्हाई."

रोजानं! शब्द कानावर पडताच सूर्यभानरावांच्या भुवया वर चढल्या. रोजानं म्हणजे तंबाखू मळणं, पाणी पिणं, सावली शोधणं! चार दिवसांचं काम हा महिनाभर ताणणार.

"रोजानं नाही. उक्तं सांग. सगळ्या कामाचा एकच आकडा. किती दिवस लागतात ते तुझं तू बघ."

"उक्तं बी करतो. पन मंग आदी एक खड्डा घेऊन बघू द्या. खाली काय लागतंय त्यावर आकडा."

"खाली साधी माती आहे," सूर्यभानराव घाईनं म्हणाले. "तीस वर्षं जमीनच बघितली आहे मी."

भीमानं मान डोलावली आणि दोन फूट खोल खणायचा आकडा सांगितला. सूर्यभानरावांनी घासाघीस करून तो आणखी खाली आणला.

आता तरी त्यांना झोप लागावी की नाही? छे! नवा किडा डोक्यात वळवळू लागला. उक्तं घेतलेला माणूस काम उरकणार. दोन फूट खोल सांगितलं की दीड फुटावर थांबणार आणि वरून माती लोटून मोकळा होणार!

त्यावर त्यांच्याकडे जुना उपाय होता. खोदताना मध्ये मातीचा एक खांब तसाच सोडायचा. आजूबाजूची माती गेली की खांबाची उंची म्हणजे खड्ड्याची खोली. त्याला ते साक्षीदार म्हणत. काही मजूर खांबाच्या डोक्यावर माती थापून उंची वाढवतात, हेही त्यांना पाठ होतं. म्हणून त्यांनी दोन साक्षीदार आखले आणि दोन्हींच्या डोक्यावर स्वतःच्या हातानं चुन्याची फुली मारली. मग खुर्ची टाकून वर्तमानपत्र घेऊन बसले.

दुसऱ्याच दिवशी पहार खणकन वाजली. विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, गंजक्या सळया वर येऊ लागल्या. राहीबाईच्या तळहातांना फोड आले. तिनं लुगड्याची चिंधी गुंडाळली आणि पुन्हा घमेलं उचललं.

"रावसाहेब, हितं राडारोडा गाडलाय कुनीतरी. ठावं हाय का तुमाला?"

"मला काय माहीत?" वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

चार दिवसांचं काम नऊ दिवस चाललं. भीमानं तक्रारीचा शब्द काढला नाही, आणि तेच सूर्यभानरावांना खटकत होतं. पदरचे दिवस जात असताना माणूस गप्प कसा? नक्कीच काहीतरी शिजतंय!

दहाव्या दिवशी ते टेप घेऊन खड्ड्यात उतरले. साक्षीदाराला टेप लावला. अडीच फूट! पुन्हा लावला. अडीचच.

"सापडलास!" ते ओरडले. "दोन फुटांचं काम ठरलं असताना अडीच फूट कोण खणतो? वरती माती थापलीस!"

"फुली तुमचीच हाय की. कडंनं बी मोजून बघा."

"चुना काय तुला मिळत नाही? मला शिकवतोस? थांब, दाखवतोच!"

त्यांनी पहार उचलून साक्षीदारावर घातली. थापलेली माती वेगळी निघते, हे त्यांना सिद्ध करायचं होतं. खांब मधोमध उभा फाटला. वर वीतभर माती, आणि त्याखाली तळापर्यंत विटा, सिमेंट, आणि निळ्या फुलाच्या फरशीचे तुकडे. थापलेलं काहीच नव्हतं!

ओरडा ऐकून पुष्पावतीबाई बाहेर आल्या होत्या. गुडघ्यावर हात ठेवत त्या वाकल्या आणि त्यांनी एक तुकडा उचलला.

"अहो, ही तर आपल्या मोरीची फरशी."

सूर्यभानरावांच्या तोंडचं पाणी पळालं.

"घर बांधून झालं तेव्हा सहादेव गवंडी राडारोडा न्यायला टेम्पो मागत होता. तुम्हीच म्हणालात, भाडं कशाला घालवायचं, इथंच गाडा. मी ओट्यावरून ऐकलं होतं. मला वाटलं, भीमाला तेवढं तरी सांगितलं असेल."

"मला ठाव हुतं, बाईसाहेब," भीमा हळूच म्हणाला. "राही मोरीवर पानी घ्यायला गेल्ती, तवा फरशी वळखली तिनं. पन रावसाहेब न्हाई म्हनले. मंग ते मी कशाला उकरू?"

"आणि अडीच फूट?" सूर्यभानरावांनी विचारलं.

"बाईसाहेबांनी पारिजातक सांगितला. दोन फुटाखाली बी राडाच हुता. मूळ त्यात अडकलं की झाड दुसऱ्या उन्हाळ्याला जळतं. त्यांची अकरा गेली म्हनं."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"रोजानं दिलं तर तुम्हाला वाटतं, हे वेळ चोरतील. उक्तं दिलं तर वाटतं, काम चोरतील. मग खोट रोजात आहे, उक्त्यात आहे, की तुमच्या नजरेत? रोजानं असतं तर जास्तीचे दिवस आपल्या अंगावर आले असते, उक्त्यात ते यांच्या अंगावर पडले. खाली काय आहे हे एकट्या तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही गप्प बसलात! या खड्ड्यात फसवणारा एकच माणूस उभा आहे, आणि टेप त्याच्याच हातात आहे."

तीस वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नव्हतं. सूर्यभानरावांनी राहीबाईच्या चिंध्या गुंडाळलेल्या हातांकडे पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. टेप खाली ठेवून ते खड्ड्यातून वर आले.

"भीमराव, चुकलो मी," ते म्हणाले. "राडारोड्याचे जितके दिवस गेले, त्या सगळ्यांचा दोघांचा रोज धरा. पुढचं काम रोजानं की उक्तं, ते तुम्ही सांगा."

भीमा हसला. "आता खाली काय हाय ते दोगांनी बी बघितलं. आता उक्तं करू."

पुढच्या वर्षी भाद्रपदात पारिजातक फुलला. पुष्पावतीबाईंना वाकता येत नाही, म्हणून पहाटे चादर अंथरायचं काम सूर्यभानरावांकडे आलं. झाडाच्या बाजूला दुसरा साक्षीदार त्यांनी भोवतीचा खड्डा न बुजवता मुद्दाम तसाच ठेवला आहे. पाहुणे विचारतात, हा मातीचा ठोकळा कसला? मग ते स्वतःच्या फसवणुकीची गोष्ट सांगतात, आणि आता पाहुणे चपला शोधत नाहीत.

मंडळी, आपल्याही घरी गवंडी येतात, माळी येतात, रंगारी येतात. काम रोजानं द्या नाहीतर उक्तं द्या, ते तुमच्या सोयीचं. पण आपल्याला जे ठाऊक आहे ते आधी सांगा, आणि कष्टकऱ्याच्या कामाला टेप लावण्याआधी तो एकदा आपल्या बोलण्याला लावून बघा. आपल्याही अंगणात काहीतरी गाडलेलं असतं!