शुक्रवारी लागलेली भूक

कपोत्झींच्या घरात स्वयंपाकघर लोरेट्टाचं, पण बिडाचा जड तवा मात्र तिच्या नवऱ्याचा, रेनातोचा. तो तवा कुणी घासायचा नाही, कुणी त्यावर पोळं-बिळं करायचं नाही. शनिवारी दुपारी रेनातो बाह्या सारून त्या तव्यासमोर उभा राहायचा, दोन हातांत दोन उलथणी घ्यायचा आणि घरादारासाठी स्टेक सँडविच करायचा, गोमांसाचे पातळ काप परतून पावात भरलेलं.

"कोपऱ्यावर गरमागरम मिळतं की," लोरेट्टा दर शनिवारी म्हणायची.

"त्या दुकानदाराकडचं मांस बघितलंस? बुटाचा तळ बरा! बाजूला हो, तेल उडेल."

साउथ फिलाडेल्फियातली निम्मी माणसं घरी स्टेक करणाऱ्याला वेड्यात काढतात आणि उरलेली निम्मी कोपऱ्यावर रांग लावणाऱ्याला. रेनातो दुसऱ्या पंथाचा होता. त्यात कुणी सिमला मिरची घातली की तो असा बघायचा, जणू त्याच्या आईलाच कुणी काही बोललंय.

हे सगळं पोटात गाठ निघायच्या आधीचं. हिवाळा सरता सरता इस्पितळातल्या डॉक्टरांनी हात टेकले आणि म्हणाले, घरी न्या, घरी बरं वाटेल. लोखंडी खाट पुढच्या खोलीत खिडकीशी लागली. आमच्याकडची घरं अरुंद आणि लांब, पुढच्या खोलीतून मागच्या चुलीपर्यंत सरळ दिसतं. म्हणजे रेनातो पडल्या पडल्या लोरेट्टाला स्वयंपाक करताना बघायचा आणि केलेलं काही खायचा नाही. सूप झालं, कस्टर्ड झालं, बारीक शेवयांची पेज झाली. दोन चमचे घ्यायचा, मग तोंड फिरवायचा. "भूकच नाही गं," म्हणायचा, आणि वर तिलाच सॉरी म्हणायचा. तिला त्याचं जास्त वाईट वाटायचं.

लोरेट्टाने सगळे संत पाण्यात घालून ठेवले होते, पण भिस्त होती ती ब्रॉड स्ट्रीटवरच्या संत रीटावर. जे कुणाच्याने होत नाही ते रीटा करते, असं या भागातल्या बायका मानतात. लेंट सुरू झाला, म्हणजे ईस्टरआधीचे उपासाचे दिवस, तशी लोरेट्टा तिच्यापुढे गुडघे टेकून बसली. "बरा कर म्हणत नाही," ती म्हणाली. "मला कळतं. मी काही बावळट नाही. फक्त त्याला एकदा भूक लागू दे." आणि त्याबदल्यात बोलली, की ईस्टरपर्यंतच्या प्रत्येक शुक्रवारी तिच्या चुलीवर मांस चढणार नाही. तिच्यासाठी नाही, पाहुण्यासाठी नाही, कुणासाठीच नाही. शुक्रवारी मांस तर ती जन्मभर टाळतच आली होती, पण हा नवस होता. त्याची गोष्ट वेगळी.

आणि मग एका सकाळी रेनातोने डोळे उघडले आणि म्हणाला, "लोरे, भूक लागलीय."

तिच्या हातातली बशी खाली पडायचीच राहिली. "काय म्हणालास?"

"भूक! कडकडून लागलीय. ऐकू कमी यायला लागलं का तुला?"

"काय देऊ? बोल ना! अंडं उकडू? दुधात पाव कुस्करू?"

"ते दूध घाल मांजराला. स्टेक कर. भरपूर कांदा, वर प्रोव्होलोन चीज."

ती हसली, खाटेवर वाकून तिने त्याच्या खरखरीत गालाचा मुका घेतला आणि तशीच वाकलेली असताना तिच्या लक्षात आलं, आज शुक्रवार.

"रेनी, आज शुक्रवार आहे रे."

"मग? पोपला सांगू नकोस."

मुलगी, ल्युसिल, दोन गल्ल्या पलीकडे राहायची. बापाची अंघोळ-पांघोळ करायला ती रोज सकाळी यायची. तिने सगळं ऐकलं आणि आईला ओढत मागे स्वयंपाकघरात नेलं. "आई, आजाऱ्याला उपास नसतो. फादरना फोन लाव, तेही हेच सांगतील."

"मला माहीत आहे."

"माहीत आहे ना? मग तवा काढ!"

"अगं, ही भूक कुठून आली? नवसाने आली. आणि आली त्याच दिवशी मी नवस मोडू? मग तिने काढून घेतली म्हणजे?"

"रीटा काय पोलीस आहे, तुझ्या चुलीवर नजर ठेवून बसायला?"

"तोंड सांभाळ," लोरेट्टा म्हणाली. पण ती घाबरली होती. देणाऱ्याचा हात मागे जाईल, याची तिला भीती वाटत होती. काय म्हणावं या बाईला! मागितली भूक, मिळाली भूक. दिलेलं दोन्ही हातांनी घ्यायचं असतं, वार काय बघायचा! पण हे लांबून बोलायला सोपं आहे. तिच्या जागी आपण असतो तर आपणही घाबरलो असतो.

तिने मधला मार्ग काढला. शुक्रवारी आमच्याकडे सगळीच घरं खातात ते केलं, तेलात परतलेली हिरवी मिरची आणि अंडी, लांबोडक्या पावात भरून. रेनातोने एक घास घेतला. पुष्कळ वेळ चावला. मग पाव बशीत ठेवून दिला.

"चांगलं झालंय. पण हे शुक्रवारचं आहे."

"खाईन तर तुपाशी, नाहीतर उपाशी! लहान आहेस का रे तू?"

"मला मांसाची भूक लागलीय, लोरे. मी काय करू?"

"उद्या. उद्या उठल्या उठल्या करते. आणि जन्मभर शनिवारीच खाल्लंस ना तू? उद्या शनिवारच आहे."

हे तिला फार पटलं. त्यालाही पटल्यासारखं झालं. "बरं," तो म्हणाला. "पण मांस आजच आण. बरगडीकडचं. आणि फ्रीझरमध्ये अर्धवटच गोठव, दगड करू नकोस. त्याशिवाय पातळ कापलं जात नाही."

त्या दिवशी तो महिनाभरात बोलला नव्हता इतका बोलला. लोरेट्टाने मांस आणलं तर त्याने ते खाटेवर मागवलं, कागद उघडून बोटाने दाबून पाहिलं. "चरबीच्या रेषा बघ कशा! मीठ नंतर घाल. कांदा लाल करू नकोस, नुसता मऊ कर. आणि झालं की कागदात गुंडाळून थोडा वेळ तसंच ठेव, पाव वाफेने नरम होतो." कोपऱ्यावरच्या दुकानदाराची त्याने यथेच्छ निंदा केली. ल्युसिल हसून हसून बेजार झाली. लोरेट्टा स्वयंपाकघरात गेली आणि तिने रीटाचे मनापासून आभार मानले.

संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी त्याने हळूच हाक मारली. "लोरे. एकच पातळ तुकडा. पाव नको, चीज नको. नुसता तव्यावर फिरवून आण."

"थोडा धीर धर रे राजा. एक रात्रच तर मधे आहे."

त्याने पुन्हा मागितलं नाही. खिडकीकडे तोंड करून पडून राहिला.

शनिवारी बेकरीचं दार उघडायच्या आधी लोरेट्टा तिथे उभी होती. ऊन ऊन पाव छातीशी धरून ती घरी आली. मांस बरोबर हवं तसं गोठलं होतं, सुरी सुरेख फिरत होती. इतके पातळ काप तिने आयुष्यात केले नव्हते.

"आता कांदा टाकला!" ती मागून ओरडली.

तव्यावरची नजर न काढता तिने कांदा मऊ होऊ दिला.

"आता मांस टाकते हं! बघतोयस ना?"

ल्युसिल दारात येऊन उभी राहिली. "आई, पपा आज बरे दिसत नाहीत. डोळे बघ त्यांचे."

"भुकेने असतील. बाजूला सर, मला चीज घालू दे."

तिला दिसत नव्हतं असं नाही. तिने सकाळी दिवा लावतानाच पाहिलं होतं, चेहरा एका रात्रीत बसला होता. पण हात थांबवायची तिची हिंमत होत नव्हती. तिने दोन उलथण्यांनी मांस मोडलं, चीज वितळू दिलं, पावात सारलं, कागदात गुंडाळलं, थांबली आणि मग ते पुढच्या खोलीत घेऊन आली.

रेनातोने वास घेतला. डोळे मिटले. "वा," म्हणाला. आवाज जेमतेम फुटला.

तिने एक कण तोडून त्याच्या जिभेवर ठेवला. त्याने तो तोंडात धरला, फिरवला, गिळायचा प्रयत्न केला. गळ्याचं हाड वरखाली झालं. मग त्याने तोंड उघडलं आणि तिने रुमालाने तो परत काढून घेतला.

"नाही गं जात."

"काल गेलं असतं," लोरेट्टाच्या तोंडून निघून गेलं.

त्याने तिच्याकडे पाहिलं. बायकोशी तो कधी खोटं बोलला नव्हता, आताही बोलला नाही. "हो," म्हणाला. "काल गेलं असतं."

ती खाली बसली. "मी तुझ्या तोंडचा घास काढला, रेनी. कुणी नाही, मीच काढला. कुत्र्याला पण कुणी असं करत नाही!" ल्युसिल तिला धरायला आली तर तिने तिचा हात झटकला. "तू सांगत होतीस. मला कळत होतं. कळत असून मी त्याला उपाशी ठेवलं!" ती मोठ्याने रडत होती, बाहेर गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

रेनातोने तिला रडू दिलं. मग बोटाने कागदाकडे खूण केली.

"निवतंय."

"निवू दे. फेकून देते."

"फेकतेस काय? एवढं केलंस. खा."

"मी?"

"मग कोण? माझ्यासमोर खा. मला बघू दे."

"माझ्याच्याने नाही व्हायचं."

"लोरे. खा गं."

ती उठली. इकडची माणसं खातात तशी पुढे वाकून, कागद खाली धरून तिने पहिला घास घेतला. रस कागदावर गळला. डोळ्यांतलं पाणीही त्यातच.

"कांदा?" त्याने विचारलं.

"गोड झालाय."

"मीठ?"

"बेताचं आहे."

"पाव?"

"मऊ. तू म्हणालास तसा."

"खा. थांबू नकोस."

तो डोळे मिटून तिचं चावणं ऐकत होता. तिने दुसरा घास घेतला, तिसरा घेतला. गुरुवारपासून तिच्या पोटात धड काही नव्हतं. सँडविच उत्तम झालं होतं, त्याच्या हातचं व्हायचं तसं, आणि तिला भूक लागली होती. लाज वाटावी इतकी भूक लागली होती. ती रडत होती आणि भराभरा खात होती, आणि शेवटच्या तुकड्यापर्यंत तिला थांबता आलं नाही.